विंडोजवर मुक्त साधनं: मराठी नेमकी कुठे अडते?

कातळखूण

वाचनालयाच्या संगणकावर विंडोज ११ आहे, रॅम ८ जीबी. वर्गणीचं पॅकेज फक्त विंडोजवर चालतं, त्यामुळे विंडोज काढायचा प्रश्न नाही. त्यावरच मुक्त साधनं वापरून तीन कामं करायची आहेत.

एक, जुने वार्षिक अहवाल स्कॅन करून मजकूर शोधता येईल अशा पीडीएफ करणं. दोन, डीटीपीच्या जुन्या फाँटमधली स्मरणिका युनिकोडमध्ये आणणं. तीन, रत्नागिरी जिल्ह्यातल्या कातळशिल्पांचा साधा नकाशा.

लिब्रेऑफिस, स्कॅनिंगसाठी नॅप्स२ आणि नकाशासाठी क्यूजीआयएस बसवली आहेत, चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणाऱ्या (ओसीआर) टेसरॅक्टची एक जुनी आवृत्तीही आहे. पहिली अडचण अशी की ‘उक्षी सडा’ नावाची टिफ फाइल एक्सप्लोररमध्ये दिसते, उघडते, पण टेसरॅक्ट ‘फाइल सापडत नाही’ म्हणतं. तीच फाइल रोमन नावाने ठेवली की चालते. असं का, आणि कायमचा उपाय काय?

---

खाडीपलीकडे

फाइल शाबूत आहे, नाव पोचवणारा मधला रस्ता जुना आहे. विंडोज फाइलींची नावं युटीएफ-१६ या युनिकोडच्या रूपात ठेवतं, तिथे देवनागरीला काही होत नाही. पण प्रोग्रामला विंडोजकडे फाइल मागायचे दोन मार्ग आहेत. नवा मार्ग पूर्ण युनिकोड. जुना मार्ग ‘कोडपेज’चा, म्हणजे एका बाइटमध्ये मावणाऱ्या २५६ चिन्हांचा तक्ता. आपल्याकडच्या बहुतेक मशीनवर हा तक्ता १२५२ क्रमांकाचा, पश्चिम युरोपीय भाषांचा असतो. रशियन, ग्रीक, अरबीसाठी विंडोजचे स्वतंत्र तक्ते आहेत. देवनागरीसाठी तसा तक्ता कधी आलाच नाही, ती विंडोजमध्ये पहिल्यापासून फक्त युनिकोड मार्गाने आली.

त्यामुळे जुन्या मार्गाने जाणाऱ्या प्रोग्रामला ‘उक्षी सडा’ हे ‘????? ???’ असं मिळतं. आणि ‘?’ हे चिन्ह विंडोजमध्ये फाइलच्या नावात चालतच नाही. मग फाइल सापडणार कशी?

बरीचशी मुक्त साधनं मुळात युनिक्सकडची. तिथे नाव म्हणजे नुसती बाइट्सची माळ, आली तशी पुढे द्यायची. तोच कोड विंडोजवर बांधला की नकळत जुना मार्ग पकडला जातो. लिब्रेऑफिस, जिंप, इंकस्केप, ७-झिप यांनी हे कधीच निस्तरलंय. अडतात ती छोटी, काळ्या खिडकीतून (कमांड प्रॉम्प्ट) चालणारी साधनं, आणि मोठ्या प्रोग्रामांची जुनी प्लगिनं.

उपाय कंटाळवाणा आहे पण पक्का आहे: सी ड्राइव्हच्या मुळाशी ‘काम’ अर्थाचा एक छोटा फोल्डर रोमन अक्षरांत करा. आतली नावं रोमन, जागा न सोडता. मराठी नाव काम संपल्यावर, अंतिम पीडीएफला द्या. फोल्डरात फोल्डर फार नकोत, कारण पूर्ण पत्ता २६० अक्षरांपलीकडे गेला की बरीच साधनं तिथेही अडकतात.

---

तांबडी_माती

भर घालतो. विंडोजमधलं खातंच देवनागरी नावाने उघडलं असेल तर रोमन कामाचा फोल्डर करूनही सुटका नाही. वापरकर्त्याचा फोल्डर त्या नावाने तयार होतो आणि तात्पुरत्या फाइलींची जागा त्याच्याच आत असते. साधन तिथे काही उलगडायला गेलं की पुन्हा तेच.

खात्याचं नाव नंतर बदललं तरी फोल्डरचं नाव बदलत नाही. दोन मार्ग आहेत. एक, रोमन नावाचं नवं स्थानिक खातं उघडा आणि दिसणारं नाव मागाहून मराठी करा. दोन, सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स उघडा, तिथे ‘टेम्प’ आणि ‘टीएमपी’ या दोन्ही ओळी सी ड्राइव्हवरच्या रोमन नावाच्या फोल्डरकडे वळवा, लॉगआउट करून परत या. दुसरा मार्ग पाच मिनिटांचा.

डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हमध्ये गेलाय का तेही बघा. फाइलीपुढे ढगाचं चिन्ह असेल तर ती मशीनवर नाहीच. पावसात नेट गेलं की उघडणार नाही. फोल्डरवर राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’, किंवा सरळ कामाचा फोल्डर वनड्राइव्हच्या बाहेर.

---

रापण

एवढा खटाटोप कशाला? सेटिंग्ज > टाइम अँड लँग्वेज > लँग्वेज अँड रीजन > ॲडमिनिस्ट्रेटिव्ह लँग्वेज सेटिंग्ज > चेंज सिस्टिम लोकेल. तिथे खाली ‘बीटा: यूज युनिकोड युटीएफ-८’ अशी चौकट आहे. टिक करा, मशीन पुन्हा सुरू करा. जुन्या मार्गाचा तक्ताच युटीएफ-८ होतो आणि देवनागरी नावं चालू लागतात.

---

जुना_जुळारी

@रापण, चौकट बरोबर आहे, पण या वाचनालयात ती लावू नका. दुसरं काम वाचा: डीटीपीचे जुने फाँट.

ते फाँट म्हणजे त्याच १२५२ तक्त्यातल्या खुणांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले. अर्धा क, काना, वेलांटी, प्रत्येक तुकडा एखाद्या रोमन किंवा युरोपीय अक्षराच्या जागी. तक्ता युटीएफ-८ केला की १२७ च्या वरच्या खुणा एका बाइटच्या राहत नाहीत आणि जुना प्रोग्राम त्या चुकीच्या वाचतो. पानं फुटतात, आणि त्या अवस्थेत कुणी ‘सेव्ह’ केलं तर मूळ फाइलही जाते. ते वर्गणीचं पॅकेज जुनं असेल तर त्याच्यावरही हीच पाळी येऊ शकते. चौकटीवर अजून ‘बीटा’ लिहिलंय ते उगाच नाही.

स्मरणिका पूर्ण युनिकोडमध्ये आली, जुना प्रोग्राम मशीनवरून गेला, की मग खुशाल टिक करा.

---

कातळखूण

चौकट बंदच ठेवते. रोमन नावाचा कामाचा फोल्डर केला, टेम्पचा फोल्डरही बदलला, टेसरॅक्ट चाललं. आता स्कॅन: अहवाल खिळ्यांच्या छपाईचे आहेत, कागद पिवळा, काही पानांवर बुरशीचे डाग. किती डीपीआय (इंचाला ठिपके), आणि रंगीत की काळं-पांढरं?

---

माडाची_सावली

३०० डीपीआय, ग्रेस्केल. काळं-पांढरं मुळीच नको. बुरशीचा डाग आणि फिकट शाई यांतला फरक स्कॅनरने एकदा टाकून दिला की तो परत मिळत नाही. ग्रेस्केलमध्ये तो निर्णय मागाहून घेता येतो. ए४ पान ३०० डीपीआयला २४८० × ३५०८ पिक्सेल, म्हणजे न दाबता साधारण ८.७ एमबी. ६०० डीपीआयला चौपट. टाइप अगदी बारीक, तळटिपांसारखा असेल तरच ४०० वर जा.

कागद पातळ असेल आणि मागची छपाई दिसत असेल तर पानाच्या पाठीमागे काळा कार्डपेपर ठेवा. स्कॅनरचं झाकण पांढरं असतं, ते प्रकाश परत फेकतं आणि मागची अक्षरं उजळून पुढे येतात.

नॅप्स२ मध्ये प्रोफाइल करताना ड्रायव्हर आधी ‘ट्वेन’ घेऊन बघा, स्कॅनर दिसत नसेल तर ‘विया’. ॲडव्हान्स्डमध्ये ‘डिस्क्यू’ चालू करा, तिरपं पान सरळ होतं. ओळ वाकडी असली की शिरोरेषा तुटक वाचली जाते आणि देवनागरीचं ओसीआर तिथेच घसरतं. मग ओसीआरच्या बटनात मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषा उतरवून घ्या. हे एकदाच नेटवर होतं, पुढे सगळं मशीनवर. पानं कुठेही बाहेर जात नाहीत. देणगीदारांची नावं-पत्ते असलेल्या अहवालांना ही गोष्ट लहान नाही.

‘फास्ट’ आणि ‘बेस्ट’ असे दोन पर्याय दिसतील. खिळ्यांच्या छपाईला ‘बेस्ट’ घ्या, वेळ जास्त लागतो.

चुका कुठे होतील ते आधीच सांगते, म्हणजे तपासणी तिथेच करता येईल: ‘ऱ्या’ मधला चंद्रकोरीसारखा र, ‘द्ध’ आणि ‘द्य’, अनुस्वार आणि कागदावरचा ठिपका, १ आणि दंड, ५ आणि जुन्या वळणाचा पाच. आकड्यांचे तक्ते ओसीआरवर सोडूच नका, जमाखर्च हाताने टंका.

---

खाडीपलीकडे

त्या ‘ऱ्या’ बद्दल आणखी एक. युनिकोडमध्ये तो दोन तऱ्हांनी लिहिला जातो: एकदा ऱ (खाली नुक्ता असलेला) + हलन्त + य, आणि एकदा साधा र + हलन्त + न दिसणारा जोडक + य. पडद्यावर दोन्ही सारखेच. शोधताना मात्र एक लिहिला तर दुसरा सापडत नाही. ‘ॲ’ चंही तसंच: एक सबंध अक्षर, एक अ + जोडक + चंद्र.

वाचनालयाची सूची करणार असाल तर एक तऱ्हा ठरवा आणि लिब्रेऑफिसच्या फाइंड अँड रिप्लेसने सगळा मजकूर तिच्यावर आणा. मी ऱ आणि सबंध ॲ घेईन. न दिसणारी खूण कॉपी-पेस्टमध्ये कधी गळेल सांगता येत नाही.

---

जुना_जुळारी

आता स्मरणिका. पहिली गोष्ट, फाँट नेमका कोणता आहे ते शोधा. ‘जुना मराठी फाँट’ असा एक प्रकार नाही. प्रत्येक घराण्याचा खुणांचा तक्ता वेगळा, कधी एकाच घराण्यातल्या दोन आवृत्त्यांचाही वेगळा. परिवर्तक चुकीच्या घराण्याचा घेतला तर ऐंशी टक्के बरोबर दिसतं आणि जोडाक्षरांत वाट लागते. हे सगळ्यात वाईट, कारण पहिल्या पानावर लक्षातच येत नाही.

दुसरी गोष्ट, क्रम. जुन्या फाँटमध्ये अक्षरं डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात: पहिली वेलांटी आधी, मग व्यंजन, आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम: व्यंजन, मग वेलांटी, आणि रफाराचा र सगळ्यांच्या आधी. परिवर्तकाला ही उलथापालथ करावी लागते. ‘स्थिती’, ‘वार्षिक’, ‘आर्थिक’ अशा शब्दांत तो चुकतो.

तपास असा करा. शोधाच्या चौकटीत एक जागा सोडा आणि पुढे नुसती ‘ि’ टंका. मराठीत कोणताही शब्द वेलांटीने सुरू होत नाही, म्हणून सापडेल ती प्रत्येक जागा चूक. मग जागा आणि ‘ा’, जागा आणि ‘्’. तीन शोधांत बहुतेक घाण वर येते.

तिसरी, परिवर्तन करताना इंग्रजी शब्द आणि ईमेलचे पत्ते वेगळे काढून ठेवा. जुन्या फाँटचा मजकूर आणि खरं इंग्रजी यांत परिवर्तकाला फरक कळत नाही, दोन्ही त्याच खुणा. इंग्रजीचाही मराठी चिवडा करून ठेवतो.

---

तांबडी_माती

लिब्रेऑफिसच्या बाजूने: तो मराठीला ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ मानतो आणि तिचा फाँट, आकार, भाषा इंग्रजीपेक्षा वेगळी धरतो. जुन्या फाँटमधला मजकूर त्याच्या लेखी इंग्रजीच. म्हणून परिवर्तनानंतर सगळं एकदम वेगळ्या फाँटात आणि वेगळ्या आकारात दिसेल, घाबरू नका. टूल्स > ऑप्शन्स > लँग्वेजेस अँड लोकेल्स > जनरल इथे कॉम्प्लेक्ससाठी ‘मराठी’ निवडा. भाषेच्या नावाशेजारी ‘एबीसी’ ची खूण दिसली तर शुद्धलेखनाचा शब्दकोश आहे, नसेल तर एक्स्टेन्शन म्हणून बसवावा लागेल.

‘हिंदी’ राहू देऊ नका. नोटो सान्स देवनागरीसारख्या फाँटमध्ये मराठी वळणाचे ल आणि श आत वेगळे ठेवलेले आहेत, मजकुराची भाषा मराठी असेल तेव्हाच ते पुढे येतात. भाषा हिंदी असेल तर हिंदी वळणाचे ल, श. जिंपमध्येही अक्षरांच्या अवजाराच्या पर्यायांत ‘लँग्वेज’ आहे, तिथे तीच युक्ती.

जुन्या युनिकोड फाइलींमध्ये ‘मंगल’ असेल तर एक खोच आहे. विंडोज १० पासून मंगल मूळ संचात नाही, ऑप्शनल फीचर्समधून ‘देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स’ घ्यावे लागतात. नसेल तर दुसरा फाँट चढतो, ओळी सरकतात, ४० पानी अहवाल ४३ पानी होतो. नव्या कामाला मुक्त परवान्याचा फाँट घ्या, मुक्ता किंवा नोटो, आणि फाइल > प्रॉपर्टीज > फाँट मध्ये फाँट फाइलीतच भरून ठेवा.

आणि लोड/सेव्ह > जनरल मध्ये ऑटोरिकव्हरी १० मिनिटांवर असते, ती ३ वर आणा. जूनमध्ये लाइट दहा मिनिटं टिकेल याची हमी कोण देणार?

---

रापण

चौकटीचं जुळारीकाकांचं मान्य. पण मग डब्ल्यूएसएल का नाही? विंडोजच्या पोटातच लिनक्स, नावांची कटकटच नाही.

---

खाडीपलीकडे

नावांची कटकट तिथे खरंच नाही. पण या कामाला नको. एक, यूएसबी स्कॅनर त्याला थेट दिसत नाही, वेगळं साधन घालून यूएसबी आत वळवावं लागतं. दोन, डब्ल्यूएसएल २ आपण मर्यादा घातली नाही तर निम्म्यापर्यंत रॅम घेऊ शकतं, ८ मधले ४ गेले. तीन, सी ड्राइव्हवरच्या फाइली तिथून वाचणं फार हळू, शेकडो टिफ असतील तर चहा करून या. प्रोग्राम लिहिणाऱ्यांना ते उत्तम. वाचनालयाच्या टेबलावर उद्या दुसरं कुणी बसणार, त्याला बटन दिसायला हवं.

काळ्या खिडकीबद्दल आणखी एक: तिथे मराठीची जोडाक्षरं फुटलेली, मात्रा एकमेकींवर चढलेल्या दिसतात. त्यावरून निकाल नीट आला नाही असं समजू नका. आउटपुट फाइल नोटपॅडात उघडून बघा, बहुधा ठीक असते. मात्र विंडोजबरोबर येणाऱ्या पॉवरशेल ५.१ मध्ये ‘>’ ने निकाल फाइलीत वळवला तर फाइल युटीएफ-१६ होते आणि पुढचं साधन ती वाचत नाही.

---

सड्यावरून

नकाशाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

क्यूजीआयएसची ‘लाँग टर्म’ आवृत्ती घ्या. इन्स्टॉलर १ जीबीहून मोठा आहे, चांगलं नेट असेल तिथून उतरवून पेनड्राइव्हवर आणा. आणल्यावर फाइल अर्धवट नाही ना ते बघा: ७-झिप बसवलेलं असेल तर राइट क्लिक, ‘शो मोअर ऑप्शन्स’, सीआरसी एसएचए, एसएचए-२५६. येणारा आकडा, म्हणजे फाइलीचा ठसा, अधिकृत संकेतस्थळावरच्या आकड्याशी जुळवा. विंडोजने ‘प्रोटेक्टेड युवर पीसी’ असा निळा फलक दाखवला तर आकडा जुळला असेल तरच ‘मोअर इन्फो’ आणि ‘रन एनीवे’.

नोंदी कॅल्कमध्ये करा: गाव, अक्षांश, रेखांश, शेरा. अंश-मिनिटं-सेकंद नको, दशांशात, पाच घरं पुरेत. पाचवं घर म्हणजे सुमारे १ मीटर, मोबाइलची चूक त्याहून मोठीच असते. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेली साधी यादी) करताना युटीएफ-८ निवडा. क्यूजीआयएसमध्ये लेयर > ॲड लेयर > डिलिमिटेड टेक्स्ट. एन्कोडिंग युटीएफ-८, एक्स मध्ये रेखांश, वाय मध्ये अक्षांश, अक्षांश-रेखांशांची प्रणाली ईपीएसजी ४३२६. एक्स-वाय उलटे पडले तर उक्षी थेट नॉर्वेच्या उत्तरेला बर्फाळ समुद्रात जाते. बिंदू दिसत नाहीत अशी तक्रार असते तेव्हा दहात आठ वेळा ते तिथे पोहत असतात.

अंतर किंवा क्षेत्रफळ मोजायचं असेल तर ईपीएसजी ३२६४३ घ्या, म्हणजे यूटीएम पट्टा ४३ उत्तर. ७२ ते ७८ अंश रेखांशाचा हा पट्टा, सगळं कोकण त्यात आलं.

साठवताना शेपफाइल हा नकाशाचा जुना फाइलप्रकार नको. तिच्यात रकान्याच्या नावाला १० बाइट मिळतात आणि युटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट खातं. म्हणजे तीन चिन्हं. ‘शेरा’ मध्येच चार आहेत: श, े, र, ा. मजकुराला २५४ बाइट, म्हणजे जेमतेम ८४ चिन्हं, पुढचं कापलं जातं. जिओपॅकेज घ्या, ही बंधनं नाहीत आणि सगळं एका फाइलीत.

एक विनंती. कशेळी, बारसू, उक्षी, देवाचे गोठणे ही नावं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, ती सगळ्यांना ठाऊक आहेत. पण सड्यावरच्या (जांभ्याच्या पठारावरच्या) ज्या शिल्पांना कुंपण नाही, राखणदार नाही, त्यांचे पाच घरांचे आकडे छापील नकाशात देऊ नका. लोकांना द्यायच्या प्रतीत दोन घरं ठेवा, म्हणजे जागा किलोमीटरभर धूसर होते. मूळ नोंद वाचनालयात राहू दे.

---

कातळखूण

बिंदू नॉर्वेलाच होते. आता जागेवर आले. नकाशा आणि स्मरणिका दोन्ही छापखान्यात द्यायचं आहे, तिथे सगळं व्यावसायिक सॉफ्टवेअर. काय पाठवू?

---

जुना_जुळारी

पीडीएफ, आणि अक्षरं रेषांत रूपांतर करून. छापखान्यात पीडीएफ दुसऱ्या चित्रप्रोग्रामात उघडून हलवतात, तेव्हा जिवंत मराठी मजकूर असेल तर जोडाक्षरं सुटतात, वेलांट्या उडतात. क्यूजीआयएसच्या पीडीएफ निर्यातीत ‘टेक्स्ट ॲज पाथ्स’ हा पर्याय असतो, तोच ठेवा. इंकस्केपमध्ये ‘कन्व्हर्ट टेक्स्ट टू पाथ्स’.

स्मरणिकेची मांडणी स्क्रायबसमध्ये करणार असाल तर १.६ किंवा पुढची आवृत्ती. १.४ मालिका देवनागरी नीट जोडतच नाही, तिच्यावर वेळ घालवू नका. स्क्रायबसच्या पीडीएफ निर्यातीत फाँटच्या पानावर ‘आउटलाइन’ करता येतं, आणि सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांतली पीडीएफ निघते. इंकस्केपची पीडीएफ आरजीबीच (पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांतली), त्यामुळे पडद्यावरचा झगझगीत निळा समुद्र कागदावर मळकट आला तर छापखान्याशी भांडू नका. तो नकाशा स्क्रायबसमधून बाहेर काढा, आणि निळा रंग तिथेच सीएमवायकेत ठरवा.

रेषा केलेल्या पीडीएफमधून शब्द शोधता येत नाहीत. म्हणून दोन प्रती काढा, छापखान्याची वेगळी आणि वाचनालयाची वेगळी.

---

सड्यावरून

छापखान्यात किंवा दुसऱ्या मशीनवर जिओपॅकेज नेताना आधी क्यूजीआयएस बंद करा. चालू असताना त्याच नावाच्या, शेवटी ‘वॉल’ आणि ‘एसएचएम’ असलेल्या दोन छोट्या फाइली शेजारी दिसतात. ताज्या नोंदी त्या ‘वॉल’ मध्येच असू शकतात. नुसती मुख्य फाइल पेनड्राइव्हवर उचलली तर शेवटच्या दुरुस्त्या मागेच राहतात. प्रोग्राम बंद केला की दोन्ही आपोआप मिटतात, मग कॉपी करा. मिटल्या नाहीत तर तिन्ही फाइली एकत्र न्या.